मतपत्रिकेवरची जागा कोण ठरवते?

पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे पक्षनेत्यांनी नव्हे तर सामान्य मतदारांनी मतदान करून ठरवावे, या विचारातून अमेरिकेत प्राथमिक निवडणूक, म्हणजेच प्रायमरी, रूढ झाली. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ साली तिचा कायदा केला आणि पुढच्या काही दशकांत ती देशभर पसरली. परंतु या निवडणुकीतही मतदारासमोर कोणती नावे यावीत, ती कुठे छापली जावीत आणि मत द्यायला कोणी यावे, हे ठरवण्याचे मार्ग पक्षांनी शोधून काढले. या विषयावर देशातून आणि अमेरिकेतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. काही पत्रे लांबीमुळे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहते. नागरिकत्व मिळाल्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पहिल्यांदा मत द्यायला गेले, तेव्हा ज्या उमेदवाराला मत द्यायचे ठरवले होते त्याचे नाव मला पटकन सापडलेच नाही. बाकीची ओळखीची नावे एका रांगेत होती आणि हे एकटे नाव पार कडेला. २०२५ मध्ये मात्र मतपत्रिका अगदी निराळी होती. मधल्या काळात काय घडले?

उत्तर : आपण जी रांग पाहिलीत तिला न्यू जर्सीत 'काउंटी लाइन' किंवा नुसतेच 'लाइन' म्हणत असत. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा राज्याचा भाग. अमेरिकेत इतरत्र मतपत्रिका पदांनुसार छापलेली असते. सिनेटसाठी एक चौकट, तिच्यात त्या पदाचे सगळे उमेदवार एकाखाली एक. नंतर प्रतिनिधिगृहासाठी दुसरी चौकट. आणि असेच खाली नगर परिषदेपर्यंत. न्यू जर्सीतील २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये मात्र पद्धत वेगळी होती. पक्षाच्या काउंटी संघटनेने ज्यांना पाठिंबा दिला असेल ते सर्व पदांचे उमेदवार, अध्यक्षपदापासून गावच्या कौन्सिलपर्यंत, एकाच उभ्या किंवा आडव्या रांगेत आणि एकाच घोषवाक्याखाली छापले जात. ज्याला हा पाठिंबा मिळाला नाही त्याचे नाव दुसऱ्या रांगेत, कधी मधल्या दोनतीन कोऱ्या रकान्यांपलीकडे, एकटे पडत असे. तिथले कार्यकर्ते या जागेला 'बॅलट सायबेरिया' म्हणत. पंगत बसलेली असताना एखाद्याचे पान मुद्दाम बाहेर ओसरीवर मांडावे, तसा हा प्रकार होता.

याचा परिणाम मतदाराच्या लक्षात येत नाही, हीच यातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. गव्हर्नर किंवा सिनेटर यांचे नाव मतदाराला ठाऊक असते. काउंटी कमिशनर किंवा नगर परिषदेच्या उमेदवारांची नावे बहुतेकांना ठाऊक नसतात. वरच्या ओळखीच्या नावावर खूण केली की हात त्याच रांगेतून खाली उतरत जातो. रांगेबाहेरच्या उमेदवाराला यातून वाचायचे असेल तर त्याने इतर पदांसाठी स्वतःचे सोबती शोधून आपली वेगळी रांग उभी करायची, मग त्या सोबत्यांशी त्याचे विचार जुळोत वा न जुळोत. साहजिकच रांगेतली जागा देणारा काउंटी अध्यक्ष हा मतदारापेक्षा महत्त्वाचा ठरला. काही काउंट्यांत समितीचे सदस्य रीतसर मतदान करून पाठिंबा ठरवत, तर काही ठिकाणी व्यवहारात एकट्या अध्यक्षाचा शब्द चाले. इच्छुकांनी आधी दार ठोठवायचे ते त्यांचे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोपपत्र दाखल झाले. दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाचे सदस्य अँडी किम यांनी त्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये तत्कालीन गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी रिंगणात उतरल्या. त्यांनी याआधी कोणतीही निवडणूक लढवलेली नव्हती. तरी मोठ्या काउंट्यांच्या पक्षाध्यक्षांनी त्यांना झटपट पाठिंबा दिला. जिथे समितीच्या सदस्यांनी गुप्त मतदानाने निर्णय घेतला, तिथे मात्र बहुतेक ठिकाणी किम जिंकत गेले. हा फरक मला फार बोलका वाटतो, कारण तोच पक्ष, तेच कार्यकर्ते, पण निर्णय एकाने घ्यायचा की अनेकांनी, एवढ्यावर निकाल बदलत होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये किम आणि आणखी दोन उमेदवारांनी ही मतपत्रिकाच घटनाबाह्य ठरवावी म्हणून संघीय न्यायालयात दावा केला. मार्चमध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलनीच आपण या पद्धतीचे समर्थन करणार नाही असे कळवले, २४ मार्चला टॅमी मर्फी यांनी माघार घेतली आणि २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत ही रांग वापरण्यास मनाई केली. मतपत्रिका छापणाऱ्या काउंटी क्लार्कांनी इतक्या थोड्या अवधीत नवी मांडणी शक्य नाही असे सांगून पाहिले. अपील न्यायालयानेही ते मानले नाही. किम यांनी जूनमधील प्राथमिक निवडणूक मोठ्या फरकाने जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये ते सिनेटवर निवडून आले.

न्यायालयाचा मनाई हुकूम त्या एका निवडणुकीपुरता होता. कायमचा बदल मार्च २०२५ मध्ये झाला. विधिमंडळाने पदनिहाय मतपत्रिकेचा कायदा केला आणि गव्हर्नर मर्फी यांनी त्यावर सही केली. म्हणूनच जून २०२५ मध्ये आपल्या हातात आलेल्या मतपत्रिकेवर गव्हर्नरपदाचे सहाही डेमोक्रॅटिक उमेदवार एकाच चौकटीत होते. त्या निवडणुकीत जिंकलेल्या मिकी शेरिल यांना अनेक काउंटी संघटनांचा पाठिंबा होताच आणि त्यात काहीच गैर नाही. पक्षसंघटनेने आपला आवडता उमेदवार जाहीर करावा, त्याच्यासाठी घरोघरी फिरावे, पत्रके वाटावीत, पैसा उभा करावा. हे सगळे राजकारणच आहे. परंतु सार्वजनिक खर्चाने छापलेल्या कागदावर आपल्या माणसाला चांगली जागा आणि दुसऱ्याला अडगळीची जागा देणे हा प्रचार नव्हे. या सदरातील पुढच्या उत्तरांमध्येही मी हीच रेषा धरून बोलणार आहे.

प्रश्न : राजकीय पक्ष ही शेवटी खासगी संस्था आहे. एखाद्या मंडळाने आपला अध्यक्ष कसा निवडावा हे बाहेरच्यांनी सांगू नये, तसेच पक्षाने आपला उमेदवार कसा ठरवावा यात सरकारने आणि न्यायालयाने का पडावे? (पुणे)

उत्तर : अमेरिकेत हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याचा सर्वांत वाईट उपयोग कोणी केला हे समजून घेतल्याशिवाय त्याची मर्यादा कळत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टेक्सास आणि दक्षिणेकडील इतर राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे असे वर्चस्व होते की त्या पक्षाची उमेदवारी मिळाली म्हणजे निवडणूक जिंकल्यातच जमा होती. नोव्हेंबरमधील मतदान हे केवळ शिक्कामोर्तब असे. खरी निवड प्राथमिक निवडणुकीतच होई. १९२३ साली टेक्सासच्या विधिमंडळाने कायदाच केला की डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मत देता येणार नाही. नोव्हेंबरचा हक्क कागदावर शाबूत ठेवायचा आणि त्यातला जीव आधीच काढून घ्यायचा, अशी ही योजना होती.

एल पासो येथील डॉ. निक्सन या कृष्णवर्णीय वैद्यकीय व्यावसायिकाने हा कायदा न्यायालयात नेला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. तेव्हा राज्याने नवा कायदा करून सदस्यत्वाच्या अटी ठरवण्याचा अधिकार पक्षाच्या कार्यकारी समितीला दिला. समितीने तीच बंदी पुन्हा घातली. १९३२ साली न्यायालयाने तेही अवैध ठरवले. मग पक्षाच्या राज्य अधिवेशनाने, कोणत्याही कायद्याचा आधार न घेता, केवळ आपल्या ठरावाने गोऱ्यांपुरते सदस्यत्व मर्यादित केले. आता मात्र युक्ती लागू पडली. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिने कोणाला आत घ्यावे हा तिचा प्रश्न आहे, असे १९३५ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आपल्या पत्रातील युक्तिवाद तेव्हा अक्षरशः जिंकला होता, आणि त्याची किंमत लाखो नागरिकांनी मोजली.

नऊ वर्षांनी, १९४४ साली, ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या दाव्यात न्यायालयाने आपलाच निर्णय आठ विरुद्ध एक मताने फिरवला. त्यांच्या वतीने युक्तिवाद करणाऱ्या वकिलांमध्ये थर्गुड मार्शल होते, जे पुढे त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. न्यायालयाची भूमिका अशी होती की प्राथमिक निवडणूक राज्याच्या कायद्याने चालते, तिच्यातून निघालेली नावे राज्य आपल्या मतपत्रिकेवर छापते, म्हणजे पक्ष येथे राज्याचेच काम करत आहे. आणि राज्याचे काम करताना राज्यघटनेतून सुटका नाही. तरीही टेक्सासमधील फोर्ट बेंड काउंटीत 'जेबर्ड' नावाची गोऱ्यांची संघटना प्राथमिक निवडणुकीच्याही आधी स्वतःची वेगळी निवडणूक घेत असे. तिच्यात जिंकणारा पुढे जवळजवळ नेहमीच प्राथमिक निवडणूक आणि पदही जिंकत असे. ही संघटना पक्षही नव्हती, सरकारी पैसाही घेत नव्हती. १९५३ साली न्यायालयाने तिलाही रोखले.

याचा अर्थ पक्षाला काहीच हक्क नाहीत असा नव्हे. संघटना करण्याचे स्वातंत्र्य पक्षालाही आहे, हे अमेरिकी न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा दाखला पुढे येणार आहे. एवढेच लक्षात ठेवावे की मंडळाचा अध्यक्ष मंडळापुरता असतो. पक्षाचा उमेदवार उद्या सर्वांवर कर बसवतो आणि सर्वांसाठी कायदे करतो. शिवाय बहुतेक राज्यांत प्राथमिक निवडणुकीचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. ज्याला कोणत्याच पक्षाशी देणेघेणे नाही त्याच्याही खिशातून तो जातो.

प्रश्न : २०२४ मध्ये फ्लोरिडात डेमोक्रॅटिक पक्षाने अध्यक्षपदाची प्राथमिक निवडणूकच घेतली नाही असे वाचले. हे कायदेशीर कसे? आणि असे फक्त याच पक्षाने केले का? (ठाणे)

उत्तर : कायदेशीर होते. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार अध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीत कोणाची नावे असावीत याची यादी पक्ष राज्याला देतो आणि यादीत एकच नाव असेल तर मतदान होत नाही. पक्षाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मुदतीत फक्त जो बायडन यांचे नाव दिले. प्रतिनिधिगृहाचे मिनेसोटातील तत्कालीन सदस्य डीन फिलिप्स आणि लेखिका मॅरिअन विल्यमसन हे दोघेही तेव्हा रिंगणात होते, पण फ्लोरिडातील लाखो नोंदणीकृत डेमोक्रॅट मतदारांना त्यांच्यावर हो किंवा नाही म्हणण्याची संधीच मिळाली नाही.

रिपब्लिकन पक्षाने २०२० साली हेच केले होते. डोनाल्ड ट्रम्प यांना आव्हान देणारे तीन नेते पुढे आले होते. त्यांतले बिल वेल्ड हे मॅसॅच्युसेट्सचे आणि मार्क सॅनफर्ड हे साउथ कॅरोलायनाचे माजी गव्हर्नर. सप्टेंबर २०१९ मध्ये साउथ कॅरोलायना, नेवाडा, कॅन्सस आणि अॅरिझोना येथील पक्षसंघटनांनी आपल्या निवडणुका किंवा कॉकस, म्हणजे उमेदवार ठरवण्यासाठी भरणाऱ्या पक्षाच्या स्थानिक सभा, रद्द केल्या. सॅनफर्ड यांचे स्वतःचे राज्य त्यांत होते, हे विसरू नये. मिनेसोटात निवडणूक झाली, पण पक्षाने एकट्या ट्रम्प यांचे नाव दिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने पक्षाला तो अधिकार आहे असा निर्णय दिला.

पैसा वाचतो, पदावरील अध्यक्षाला आव्हान निरर्थक असते, अशी कारणे दोन्ही पक्ष देतात. मला ती पटत नाहीत. आव्हान निरर्थक असेल तर ते मतपेटीत सिद्ध होऊ द्यावे. २०२४ मध्ये देशभरात १ कोटी ४० लाखांहून अधिक मते बायडन यांना पडली, पण ती पक्षाने आव्हान जवळजवळ मिटवून टाकल्यानंतर पडली होती. त्यांच्या वयाविषयी मतदारांना काय वाटते याची खरी परीक्षा झालीच नाही. ट्रम्प यांच्याशी झालेल्या २७ जूनच्या वादविवादानंतर ती चर्चा उघडपणे सुरू झाली, २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि ऑगस्टमध्ये पक्षाच्या अधिवेशनासाठी निवडलेल्या, उमेदवार अधिकृतपणे ठरवणाऱ्या प्रतिनिधींनी दूरस्थ मतदानाने कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. हॅरिस यांच्या पात्रतेबद्दल मी येथे काहीच म्हणत नाही. पण अध्यक्षपदाच्या उमेदवार म्हणून त्या वर्षी एकाही प्राथमिक निवडणुकीत त्यांना मत मिळवावे लागले नाही आणि ही अडचण पक्षाने मागच्या हिवाळ्यात स्वतःच ओढवून घेतली होती.

प्रश्न : मी न्यूयॉर्कमध्ये कोणत्याही पक्षाशी न जोडता मतदार म्हणून नोंदणी केली, कारण मला दोन्ही पक्षांत चांगले उमेदवार दिसतात. प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी मात्र मला हात हलवत परत यावे लागले. मग स्वतंत्र मतदाराला काहीच स्थान नाही का?

उत्तर : न्यूयॉर्कची प्राथमिक निवडणूक बंदिस्त पद्धतीची आहे, त्या पक्षाचे म्हणून नोंदवलेल्या मतदारालाच तीत मत देता येते. बंदिस्त असणे हे मी अन्यायाचे मानत नाही. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या लोकांनी निवडावा ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. अन्याय मुदतीत होता. एप्रिल २०१६ मधील प्राथमिक निवडणुकीसाठी आधीच नोंदणी असलेल्या मतदाराला पक्ष बदलायचा असेल तर ते ऑक्टोबर २०१५ च्या सुरुवातीलाच करावे लागत होते, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक आधी, जेव्हा कोण टिकेल आणि कोण नाही याचा अंदाज कोणालाच नव्हता. ट्रम्प यांची मुले इव्हांका आणि एरिक हीसुद्धा या मुदतीत चुकली आणि वडिलांना मत देऊ शकली नाहीत. उमेदवाराच्या घरच्यांनाच जो नियम कळला नाही तो सामान्य मतदाराला कसा कळावा? २०१९ साली कायदा बदलून ही मुदत निवडणुकीच्या वर्षीच्या १४ फेब्रुवारीपर्यंत आणली गेली. आपल्याला पुढच्या वेळी मत द्यायचे असेल तर ही तारीख ध्यानात ठेवावी.

दार पूर्ण उघडण्याचाही प्रयोग झाला आहे. कॅलिफोर्नियाने १९९६ साली सार्वमताने अशी पद्धत आणली की मतदाराने प्रत्येक पदासाठी वाटेल त्या पक्षाच्या उमेदवाराला मत द्यावे आणि प्रत्येक पक्षात सर्वाधिक मते मिळवणारा त्या पक्षाचा उमेदवार ठरावा. चार पक्षांनी मिळून हे न्यायालयात नेले. परक्यांनी आमचा उमेदवार ठरवणे म्हणजे आमच्या संघटनस्वातंत्र्यावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते मान्य केले. मघाशी उल्लेखलेला पक्षाच्या हक्काचा दाखला तो हा.

मग कॅलिफोर्नियाने २०१० साली वेगळी वाट काढली. आता तेथे संसद आणि राज्य पातळीच्या पदांसाठी सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पक्ष कोणताही असो, पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये जातात. पक्षाची उमेदवारी अशी काही उरतच नाही, म्हणून पक्षाच्या हक्काचा भंगही होत नाही. यातही खाचखळगे आहेत. २०१२ साली सॅन बर्नार्डिनो परिसरातील एका डेमोक्रॅटबहुल मतदारसंघात चार डेमोक्रॅट उमेदवारांत मते फुटली आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांसमोर दोन्ही रिपब्लिकनच उरले, जरी त्याच मतदारसंघात त्याच दिवशी बराक ओबामा पुढे राहिले. अलास्काने २०२२ पासून चार जणांना पुढे पाठवून नंतर पसंतीक्रमाने मतदान घेण्याचा जो मार्ग धरला आहे, तो मला अधिक समंजस वाटतो, कारण त्यात मतविभागणीने बहुसंख्य मतदारांचा पर्यायच नाहीसा होण्याचा धोका बराच कमी होतो.

प्रश्न : पक्षाच्या हातात गाळणी नसेल तर उद्या कोणीही अतिरेकी विचारांचा माणूस पक्षाच्या नावावर उभा राहील. ज्येष्ठ नेत्यांना काहीच अधिकार नको का? (नागपूर)

उत्तर : ही भीती निराधार नाही. इलिनॉयमध्ये मार्च १९८६ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत लिंडन लारूश या विक्षिप्त कटकल्पना पसरवणाऱ्या नेत्याचे दोन अनुयायी उपगव्हर्नर आणि राज्य सचिव या पदांसाठी उमेदवारी जिंकून बसले. गव्हर्नरपदाचे उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन तिसरे यांनी त्यांच्यासोबत उभे राहण्यास नकार दिला, पक्षाची उमेदवारी सोडली, नवा पक्ष काढून निवडणूक लढवली आणि ते हरले. त्याच राज्यात २०१८ साली उघड नाझी विचारांचा एक माणूस अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, एका मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार झाला, कारण त्याच्याविरुद्ध दुसऱ्या कोणी अर्जच भरला नाही.

पण या दोन्ही घटनांकडे नीट पाहिले तर गाळणी नव्हती म्हणून हे घडले असे दिसत नाही; पक्ष गाफील राहिला म्हणून घडले. १९८६ मध्ये संघटनेने आपल्या उमेदवारांची ओळख मतदारांना करून देण्याचे कष्ट घेतले नाहीत आणि २०१८ मध्ये हरणारा मतदारसंघ म्हणून कोणी उभेच राहिले नाही. नावे वगळण्याचा अधिकार पक्षाकडे असता तर तो अशा माणसांवर किती वेळा आणि नको असलेल्या प्रामाणिक आव्हानवीरांवर किती वेळा चालला असता, याचे उत्तर न्यू जर्सी आणि फ्लोरिडाने दिले आहे.

ज्येष्ठांच्या अधिकाराचाही अनुभव अमेरिकेने घेतला आहे. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोच्या त्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर युद्धविरोधी निदर्शक आणि पोलीस यांच्यात ज्या चकमकी झाल्या त्यानंतर पक्षाला नियम बदलावे लागले आणि १९७२ पासून बहुतेक प्रतिनिधी प्राथमिक निवडणुका व कॉकस यांतून येऊ लागले. १९८४ पासून पक्षाने पदाधिकारी व लोकप्रतिनिधींना आपोआप मताधिकार देऊन 'सुपरडेलिगेट' निर्माण केले. २०१६ मध्ये त्यांतल्या शेकडो जणांनी पहिले मतदान होण्यापूर्वीच हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा जाहीर केला आणि वृत्तवाहिन्यांनी तो आकडा त्यांच्या मतांत मिळवून दाखवला. क्लिंटन यांना प्रत्यक्ष मतेही बर्नी सँडर्स यांच्यापेक्षा अधिक मिळाली होती, हे खरे. पण स्पर्धा सुरू होण्याआधीच संपल्यासारखी दिसली तर मतदार घराबाहेर कशासाठी पडेल? २०१८ साली पक्षाने नियम केला की निकाल आधीच निश्चित झालेला नसेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटनी मत देऊ नये. ज्येष्ठांनी बोलावे, समजावावे, प्रचार करावा आणि अधिवेशन खरोखरच अडले तर मतही द्यावे, ही मर्यादा मला योग्य वाटते.

प्रश्न : आमच्याकडे तर उमेदवार कोण हे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी कळते. भारतात अशी प्राथमिक निवडणूक कधी झाली आहे का? (लातूर)

उत्तर : आपल्याच मतदारसंघात झाली आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत उमेदवार मतदानाने निवडण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा येथे तो पार पडला. मत देणारे मात्र सामान्य मतदार नव्हते. पक्षाच्या विविध पातळ्यांवरचे पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्यापुरतेच ते मतदान होते. दोन्ही उमेदवार त्या वर्षी भाजपच्या उमेदवारांकडून हरले आणि प्रयोगही मागे पडला. संपूर्ण देशात काँग्रेसचा पराभव होत असताना त्याचा दोष या दोन ठिकाणच्या पद्धतीला देणे योग्य नव्हते. पद्धत चांगली की वाईट हे कळण्याइतका अवधीच तिला मिळाला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आपण म्हणता तो शेवटच्या दिवसाचा खेळ एबी फॉर्मचा आहे. पक्षाच्या वतीने सही कोण करणार हे 'ए' फॉर्म सांगतो आणि अधिकृत उमेदवार कोण हे 'बी' फॉर्म सांगतो. ते अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडले की झाले. ते नाव आत कसे ठरले, कोणाला विचारून ठरले, याविषयी आपला निवडणूक कायदा काही विचारत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील २९ अ हे कलम पक्षाच्या नोंदणीसाठी राज्यघटनेवर, समाजवादावर, धर्मनिरपेक्षतेवर आणि लोकशाहीवर निष्ठा असल्याचे पक्षाकडून लिहून घेते, पण उमेदवार निवडण्याची रीत त्यात नाही.

अमेरिकेतील मतदाराला निदान भांडायला एक मतपत्रिका आहे. तिच्यावर नाव कुठे छापले यासाठी तो न्यायालयात जाऊ शकतो. आपल्याकडे तसे काही आणायचे तर प्रथम पक्षांकडे सदस्यांची खरी, कोणालाही तपासता येईल अशी यादी असावी लागेल आणि मतमोजणी पक्षाबाहेरच्या यंत्रणेकडे द्यावी लागेल. लातूरमध्ये त्या वेळी मतदान केलेले कोणी वाचक असतील तर यादी कशी तयार झाली आणि मोजणी कशी झाली, हे त्यांनी आम्हाला अवश्य लिहून कळवावे. त्यांचे अनुभव याच सदरात छापू.